श्रीवर्धनमधील मतदानाची रांग : सकाळी सातची गर्दी आणि ७७ मतांचे मोल

भारतीय मतदार मतदान यंत्रासमोर जेवढा वेळ घालवतो, त्याच्या कितीतरी पट अधिक वेळ तो रांगेत घालवतो. यंत्रासमोरचे काम क्षणाचे असते. बटण दाबले जाते, व्हीव्हीपॅटच्या काचेमागे छापील चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि मतदार बाहेर पडतो. रांगेतला काळ मात्र दहा मिनिटांचा असू शकतो, तसाच दोन तासांचाही. मत गुप्त असते आणि ते एकट्याने द्यायचे असते. रांग मात्र उघड्यावर असते व तीत शेजारी कोण उभा राहील हे कोणाच्याच हाती नसते. त्यामुळे मतदानाच्या साऱ्या प्रक्रियेतील सामाजिक असा भाग म्हणजे ही रांगच होय. रायगड जिल्ह्याच्या दक्षिण किनाऱ्यावरील श्रीवर्धनमध्ये या रांगेला आणखी एक अर्थ आहे. येथे विधानसभेची एक निवडणूक सकाळच्या तासाभराच्या रांगेत मावतील इतक्याच मतांनी निकाली निघाली आहे.

संस्थानातून मतदारसंघात

पेशवाईचा पाया घालणाऱ्या बाळाजी विश्वनाथ भट यांचे मूळ गाव म्हणून श्रीवर्धन इतिहासात प्रसिद्ध आहे. मात्र हा भाग दीर्घकाळ जंजिऱ्याच्या सिद्दींच्या संस्थानात होता. शेजारच्या ब्रिटिश मुलखात, म्हणजे अलिबाग-पेणकडे, १९३७ आणि १९४६मध्ये प्रांतिक कायदेमंडळाच्या निवडणुका झाल्या. त्यांत मताचा हक्क मालमत्ता, कर व शिक्षण यांच्या अटींनी बांधलेला होता. संस्थानी प्रजेला तर तेवढाही वाटा नव्हता. १९४८ साली जंजिरा संस्थान विलीन झाले, श्रीवर्धन तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात आले आणि अवघ्या चार वर्षांत येथील माणसे पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या रांगेत उभी राहिली. वाडीचा मालक, त्याच्याकडे सुपारी सोलणारी बाई, होडीवरचा तांडेल आणि शाळामास्तर या सर्वांना एकाच दिवशी, एकाच किमतीचे मत मिळाले. बहुतेक लोकशाही देशांत हा हक्क टप्प्याटप्प्याने रुंदावत गेला. श्रीवर्धनसारख्या संस्थानी गावात तो एकदम आला.

२५ ऑक्टोबर १९५१ ते २१ फेब्रुवारी १९५२ या काळात झालेल्या त्या निवडणुकीत सुमारे १७ कोटी ३० लाख मतदारांची नोंद होती. प्रत्येक उमेदवारासाठी स्वतंत्र पेटी ठेवलेली असे. लक्षावधी पेट्या मुंबईजवळ विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाल्या होत्या. देशभरात, विशेषतः उत्तरेकडील राज्यांत, सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळावी लागली, कारण ‘अमक्याची पत्नी’ किंवा ‘तमक्याची आई’ यापलीकडे त्यांनी स्वतःचे नाव सांगितले नव्हते. आज केंद्रात पहिला मतदान अधिकारी मोठ्याने नाव पुकारतो आणि रांगेतली बाई ‘हो, मीच’ म्हणून पुढे होते. या साध्या प्रसंगामागे एवढा इतिहास आहे.

पहिल्याच निवडणुकीत लवकर मतदान करण्याचेही उदाहरण घडले. हिमाचलातील किन्नौर भागात बर्फ पडून वाटा बंद होतील म्हणून मतदान इतरांच्या कित्येक आठवडे आधी घेण्यात आले. तेथील शिक्षक श्याम सरन नेगी यांची निवडणुकीच्या कामावर नेमणूक झाली होती. त्यांनी सकाळीच आपल्या केंद्रावर जाऊन मत दिले आणि मग ते कामावर गेले. स्वतंत्र भारताचे पहिले मतदार म्हणून त्यांची ओळख झाली. नोव्हेंबर २०२२मध्ये, वयाच्या १०५व्या वर्षी, निधनापूर्वी काही दिवस त्यांनी शेवटचे मत टपाली मतपत्रिकेने घरूनच दिले.

सातच्या आधी काय घडते

विधानसभा व लोकसभेसाठी महाराष्ट्रात २०२४ साली मतदानाची वेळ बहुतेक ठिकाणी सकाळी सात ते सायंकाळी सहा अशी होती. केंद्रातील दिवस त्याच्या बराच आधी सुरू होतो. मतदान पथक आदल्या दिवशीच साहित्य घेऊन शाळेत मुक्कामाला आलेले असते. मतदानापूर्वी दीड तास, म्हणजे साडेपाचच्या सुमारास, उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान घेतले जाते. किमान ५० मते टाकून, मोजून, ती जुळल्याची खात्री केली जाते. मग ती मते पुसून यंत्राला मोहोर लावली जाते. बाहेर पहिले मतदार जमू लागतात तेव्हा आत हे काम चाललेले असते. साडेसहाला आलेल्या माणसाला आतून यंत्राचा लांब आवाज ऐकू येतो आणि ‘आत्ताच कोण मत देतोय?’ असा प्रश्न रांगेत हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर हे अभिरूप मतदान आहे.

श्रीवर्धनसारख्या गावात पहाटे येणाऱ्यांची कारणे उद्योगधंद्यावरून ठरतात. जीवना बंदराकडच्या कोळी कुटुंबांचा दिवस भरती-ओहोटीने बांधलेला असतो, तर मासळी विकणाऱ्या स्त्रियांना बाजार गाठायचा असतो. हॉटेल व घरगुती खानावळ चालवणाऱ्यांना पर्यटकांच्या न्याहारीपूर्वी मोकळे व्हायचे असते. वयस्कर मंडळी उन्हाच्या आधी येतात. लोकसभेचे मतदान एप्रिल-मे महिन्यांत येत असल्याने किनाऱ्यावरील दमट उकाड्यात अकरानंतर उभे राहणे त्यांना झेपत नाही.

याखेरीज एक मोठा वर्ग मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांचा. श्रीवर्धनला रेल्वे नाही. कोकण रेल्वेवरील माणगाव स्थानकावर उतरून म्हसळामार्गे पुढे यावे लागते, नाही तर एसटी किंवा खासगी गाडीने रात्रभर प्रवास करावा लागतो. मत देऊन दुपारी परतीची वाट धरायची असल्याने ही मंडळी पहिल्या रांगेत असतात. २०२४च्या लोकसभा निवडणुकीत रायगडचे मतदान ७ मे रोजी होते, तर मुंबईचे २० मे रोजी. म्हणजे मुंबईत कामाचा दिवस असताना गावी मतदान होते. अशा वेळी लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १३५-ब उपयोगी पडते. मतदानाचा हक्क असलेल्या कर्मचाऱ्याला त्या दिवशी भरपगारी सुटी देणे मालकावर त्यानुसार बंधनकारक आहे. रोजंदारीवरील कामगारालाही ही तरतूद लागू आहे.

मात्र नाव दोन ठिकाणी ठेवता येत नाही. कायद्याने मतदार जेथे सर्वसाधारणपणे राहतो, तेथेच त्याची नोंद व्हावी लागते. गावी वडिलोपार्जित घर आहे एवढ्यावरून तो तेथील रहिवासी ठरत नाही. त्याचबरोबर तात्पुरत्या गैरहजेरीने गावचा हक्क जातही नाही. कोकणातील प्रत्येक मतदार यादी या दोन वाक्यांच्या मध्ये कोठेतरी उभी असते. रांगेतील पहिला विषयही बहुधा हाच असतो : ‘नाव इकडेच ठेवलेत की तिकडे नेलेत?’

रांगेचे नियम

केंद्रावर स्त्री व पुरुषांच्या वेगळ्या रांगा असतात. आत एका वेळी तीन-चार मतदारांनाच सोडले जाते. अपंग, आजारी, वृद्ध आणि कडेवर मूल असलेल्या स्त्रिया यांना पुढे जाऊ दिले जाते. त्यासाठी रांगेतील कोणाचीही परवानगी लागत नाही, तरी ‘आजींना जाऊ द्या पुढे’ हे वाक्य अधिकाऱ्याआधी रांगच उच्चारते. आत पहिला अधिकारी यादीच्या चिन्हांकित प्रतीत नाव व ओळखपत्र तपासतो, दुसरा डाव्या तर्जनीला शाई लावून नोंदवहीत सही घेतो व चिठ्ठी देतो, तिसरा ती चिठ्ठी घेऊन यंत्र मतासाठी खुले करतो. म्हैसूरच्या सरकारी कारखान्यात बनणारी ही शाई १९६२च्या निवडणुकीपासून वापरात आहे. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असल्याने कातडीवरील डाग धुऊन जात नाही.

उमेदवारांच्या कार्यकर्त्यांची टेबले २०२५पर्यंत केंद्रापासून २०० मीटरच्या बाहेर असावी लागत. शंभर मीटरच्या आत प्रचार करणे हा कलम १३० नुसार दखलपात्र गुन्हा आहे. त्याला २५० रुपयांपर्यंत दंड आहे. मत मागणे, एखाद्याला मत देऊ नका असे सांगणे, एवढेच त्यात येत नाही. मतदानच करू नका असे मन वळवणे हाही त्याच कलमातील गुन्हा आहे. ‘चला घरी, एवढ्या उन्हात कशाला थांबायचे?’ असा सल्ला देणाऱ्या शेजाऱ्याला हे ठाऊक नसते. मोबाइल वापरण्यावरही शंभर मीटरच्या आत बंदी आहे. ते जमा करून ठेवण्याची सोय केंद्राबाहेर करण्याचे निवडणूक आयोगाने २०२५मध्ये ठरवले. रांगेत बोलणे वाढते त्याचे हे एक साधे कारण. खिशात पाहण्यासारखे काही नसल्याने माणसे एकमेकांकडे पाहतात.

अनोळखी माणसांच्या गप्पा

कायदा प्रचाराला बंदी करतो, संभाषणाला नाही. एवढ्या चिंचोळ्या जागेत रांगेने आपले संकेत घडवले आहेत. ‘कोणाला देणार?’ हा प्रश्न विचारायचा नाही, हा पहिला. त्याऐवजी विचारले जाते ते ‘भाग क्रमांक किती?’, ‘अनुक्रमांक सापडला का?’, ‘कोणत्या पाखाडीतले?’ कोकणात आडनाव आणि वाडी सांगितली की अनोळखीपणा फार काळ टिकत नाही. चार वाक्यांत कोणी मामेसासऱ्यांच्या गावचा निघतो, कोणाची मुलगी त्याच शाळेत शिक्षिका असते. पुढच्याला ‘भाऊ’, मागच्या बाईला ‘काकी’ किंवा ‘मावशी’, वयस्कर मुसलमान गृहस्थाला ‘चाचा’ असे संबोधन ठरले की बोलणे मोकळे होते.

विषय स्थानिक असतात. श्रीवर्धनी रोठा सुपारीचा यंदाचा भाव, एसटीच्या कमी झालेल्या फेऱ्या, रस्त्याचे काम, पाण्याची वेळ, आखाताहून कोण सुटीवर आले आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकले आणि सुपारी-नारळाच्या वाड्या आडव्या झाल्या. सुपारीचे नवे झाड उत्पन्नाला येण्यास काही वर्षे जातात. त्यामुळे ‘तुमच्याकडे परत लावली का?’ या प्रश्नाचे उत्तर पुढील निवडणुकांच्या रांगांमध्येही मिळत राहिले. वरवर पाहता यात राजकारण नसते. प्रत्यक्षात मतदाराच्या मनात जे प्रश्न असतात, तेच कोणाचेही नाव न घेता येथे बोलले जातात.

या गप्पांना व्यावहारिक उपयोगही आहे. एकाच शाळेत दोन-तीन केंद्रे असतात आणि चुकीच्या रांगेत अर्धा तास उभा राहिलेला मतदार बहुधा शेजाऱ्याच्या प्रश्नामुळेच सावध होतो. मतदार माहिती चिठ्ठी ही ओळखीचा पुरावा म्हणून २०१९पासून पुरेशी धरली जात नाही. मतदार ओळखपत्र किंवा आयोगाने मान्य केलेले दुसरे छायाचित्र असलेले कागदपत्र लागते, हेही अनेकांना रांगेतच कळते. घर जवळ असले तर जाऊन आणता येते. त्यासाठी ‘माझा नंबर धरा’ एवढे सांगणे पुरते. लेखी नोंद नसलेला हा करार श्रीवर्धनच्या रांगेत सहसा मोडत नाही.

७७ मते

१५ ऑक्टोबर २०१४ रोजी विधानसभेसाठी मतदान झाले तेव्हा श्रीवर्धन मतदारसंघात राष्ट्रवादी काँग्रेसचे अवधूत तटकरे आणि शिवसेनेचे रवी मुंढे यांच्यात चुरस झाली. तटकरे ७७ मतांनी निवडून आले. श्रीवर्धन, म्हसळा, तळा आणि माणगाव-रोह्याकडील गावे मिळून झालेल्या या मतदारसंघात मतदान केंद्रे शेकड्यांनी आहेत. ७७ मते त्यांच्यात वाटली तर केंद्रामागे एक मतही येत नाही.

वेळेच्या हिशेबाने पाहिले तर चित्र अधिक स्पष्ट होते. हजार मतदारांच्या केंद्रात ७० टक्के मतदान झाले असे धरल्यास ११ तासांत ७०० मते पडतात, म्हणजे ताशी सुमारे ६४. एका केंद्रावर सव्वा तासात जेवढे लोक आत जातात, तेवढ्या मतांनी हा निकाल लागला. रांग पाहून घरी परतलेले, ‘संध्याकाळी येऊ’ म्हणून न आलेले, गाडी चुकलेले चाकरमानी यांची संख्या याहून कितीतरी अधिक असणार, हे सांगायला आकडेवारी लागत नाही. त्यांची मते कोणाला गेली असती हे कोणालाच सांगता येणार नाही. ती पडली असती तर निकाल तसाच राहिला असता, असेही कोणी छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

त्याच वर्षी २४ एप्रिलला झालेल्या लोकसभा निवडणुकीत रायगडमधून शिवसेनेचे अनंत गीते यांनी राष्ट्रवादीचे सुनील तटकरे यांचा २,११० मतांनी पराभव केला. सुनील तटकरे याच नावाचा एक अपक्ष उमेदवारही रिंगणात होता आणि त्याला ९,८४९ मते मिळाली. तेव्हा यंत्रावरील मतपत्रिकेवर उमेदवाराचे छायाचित्र नसे. देशभरात अशी उदाहरणे घडत होती व १ मे २०१५ नंतरच्या निवडणुकांपासून छायाचित्र छापण्याचा निर्णय आयोगाने लागू केला. उमेदवारांची यादी केंद्राबाहेर लावलेली असते. रांगेतील दहा मिनिटांत ती वाचून घेणे किती उपयोगाचे आहे, हे या आकड्यांवरून ध्यानात यावे.

लवकर येण्याचा लाभ

पहाटे येण्याचा फायदा केवळ उन्हापासून बचावण्यापुरता नाही. यादीत नाव सापडले नाही तर सातला आलेल्या मतदारापुढे दुसरे केंद्र शोधण्यासाठी दिवस शिल्लक असतो. साडेपाचला आलेल्याकडे अर्धा तास असतो. आपल्या नावावर दुसऱ्याने आधीच मत दिले असल्याचे आढळल्यास केंद्राध्यक्षाच्या प्रश्नांना समाधानकारक उत्तरे देऊन ‘प्रदत्त मत’ देता येते. ते यंत्रावर नव्हे, तर कागदी मतपत्रिकेवर असते. पाकिटात बंद केले जाते आणि नेहमीच्या मोजणीत धरले जात नाही. निवडणूक याचिकेत न्यायालयाने आदेश दिला तरच ते पाकीट उघडते. अशी याचिका निकालानंतर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात करावी लागते. म्हणून आपले मत आपणच, आणि शक्य तितक्या लवकर, देणे हा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो.

रांगेचे शेवटचे टोक

मतदानाची वेळ संपताच फाटक बंद होते. मात्र त्या क्षणी आवारात रांगेत असलेल्या प्रत्येकाला मत देता येते. त्यासाठी केंद्राध्यक्षाच्या सहीच्या क्रमांकित चिठ्ठ्या वाटल्या जातात. वाटप रांगेच्या शेवटच्या माणसापासून सुरू होते आणि पहिला क्रमांक त्याला मिळतो. त्याच्या मागे कोणी नव्याने उभा राहू नये, हा त्यातील हेतू. एरवी शेवटी उभ्या असणाऱ्याला क्रमांक एक मिळण्याची ही बहुधा एकमेव जागा असावी.

या चिठ्ठ्यांचे महत्त्व नोव्हेंबर २०२४मध्ये राज्यभर चर्चिले गेले. २० नोव्हेंबरला सायंकाळी पाचपर्यंतची तात्पुरती टक्केवारी ५८.२२ होती, अंतिम आकडा ६६.०५ टक्के आला. विरोधी पक्षांनी या वाढीवर प्रश्न उपस्थित केले. रांगेतील मतदारांना सहानंतरही मतदान करता येते, तात्पुरते आकडे संकलनानुसार बदलतात आणि केंद्रनिहाय नोंदीचा नमुना १७-क प्रतिनिधींना दिला जातो, असे आयोगाने सांगितले. मत कोणाचेही काहीही असो, रांगेचे शेवटचे टोक हा निवडणुकीच्या विश्वासार्हतेचा विषय आहे, हे त्यातून दिसले. त्याच वर्षी २० मे रोजी मुंबई परिसरात अनेक मतदारांना उन्हात तासन्‌तास तिष्ठावे लागले होते. त्या अनुभवानंतर विधानसभेच्या वेळी रांगेत बसण्यासाठी खुर्च्या-बाके ठेवण्याच्या सूचना आयोगाने दिल्या.

नगरपरिषदेची रांग याहून संथ चालते. श्रीवर्धन शहर नगरपरिषदेच्या क्षेत्रात येते आणि तेथील निवडणूक १९९४मध्ये स्थापन झालेला राज्य निवडणूक आयोग घेतो. थेट नगराध्यक्ष आणि प्रभागातील सदस्य अशा पदांसाठी एका मतदाराला एकापेक्षा अधिक बटणे दाबावी लागतात. एखादे राहिले की यंत्र अडते, अधिकारी समजावतो आणि बाहेरची रांग थांबते.

रांगेबाहेरचे मतदान

परदेशांत रांगेचे रूप निराळे दिसते. अमेरिकेतील अनेक राज्यांत मतदानाच्या दिवसाआधी काही दिवस वा आठवडे केंद्रे खुली असतात. तरीही तेथे रांगा लागतात. जॉर्जिया राज्याने २०२१च्या कायद्याने रांगेतील मतदारांना इतरांनी पाणी व खाद्यपदार्थ वाटण्यावर निर्बंध घातले आणि त्यावर मोठा वाद झाला. दक्षिण आफ्रिकेत एप्रिल १९९४मध्ये कृष्णवर्णीय जनतेने प्रथमच मत दिले तेव्हाच्या लांबच लांब रांगांची छायाचित्रे जगभर गाजली.

भारतात सर्वांसाठी आगाऊ मतदान नाही. सैनिक व निवडणूक कर्मचारी यांना टपाली मताची सोय आहे. ८५ वर्षांवरील मतदार आणि ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेले मतदार नमुना १२-ड भरून घरूनच मत देऊ शकतात. ही वयोमर्यादा २०२४पूर्वी ८० होती. पथक घरी येते, गुप्तता राखून मत घेते. ही सोय मोलाची आहे, कारण कोकणातील चढ-उतारांच्या वाड्यांतून म्हाताऱ्या माणसाला खुर्चीत बसवून आणणे घरच्यांनाही जड जाते. मात्र तिचा परिणाम असा, की १९५२च्या निवडणुकीची आठवण घरात ऐकलेली, पेट्यांचे आणि फुलीच्या शिक्क्याचे दिवस पाहिलेली माणसे हळूहळू रांगेतून कमी होत आहेत.

त्यांच्या जागी १८ वर्षे पूर्ण झालेले मतदार आले आहेत. १९८९मध्ये मतदानाचे वय २१वरून १८वर आले. प्रथमच आलेल्या मुलाला कोणते बोट पुढे करायचे, चिठ्ठी कोणाकडे द्यायची, आवाज येईपर्यंत का थांबायचे, हे शाळेच्या पुस्तकापेक्षा पुढच्या-मागच्या माणसाकडूनच समजते. आत गेल्यावर त्याला कोणी काही सांगू शकत नाही. जे शिकायचे ते दाराबाहेरच शिकून घ्यावे लागते, आणि २०१४चा निकाल ज्यांना आठवतो, ते शेजारी त्याला तो आकडाही सांगतात : सत्त्याहत्तर.